शेवग्यावर टांगलेलं घड्याळ

आमच्या निपाणीच्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन कॅलेंडरं होती, आणि दोन्हींत चंद्र वेगवेगळ्या वेळेला उगवायचा. एक मराठी, तंबाखूच्या एका व्यापाऱ्यानं दिवाळीला फुकट वाटलेलं, मुंबईत छापलेलं. त्याच्यात दर संकष्टीच्या चौकोनात एक छोटा लाल गणपती आणि शेजारी चंद्रोदयाची वेळ. दुसरं कानडी, काकूनं लग्न होऊन येताना गोकाकहून ट्रंकेत गुंडाळी करून आणलेलं, बेंगळूरला छापलेलं. त्यातही गणपती, त्यातही वेळ, पण वीस-एकवीस मिनिटं आधीची. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. आज नातवंडांना हे सांगायला गेलं की ती मोबाइल पुढं करतात आणि म्हणतात, आजी, यात गावाचं नाव घाल, मिनिटासकट सांगतो. सांगत असेल बापडा. पण आमच्या घरात जे झालं ते मिनिटांचं नव्हतं, आणि नेमकं कशाचं होतं हे मला अजून धड सांगता येत नाही. म्हणून तर लिहायला बसले आहे.

घर तंबाखूच्या वखारींच्या मागच्या गल्लीत होतं. वखारीत माल चाळायला काढला की सगळी गल्ली शिंकायची. पाहुणे आले की पहिल्यांदा शिंकायचे आणि मग बरं आहे का विचारायचे. आम्हाला सवय होती म्हणावं, तर तसंही नाही. आम्हीही शिंकायचो, फक्त त्याचं काही वाटायचं नाही. मागं परडं होतं. त्यात धुण्याचा दगड, पाण्याचा हौद, कढीपत्ता, आणि कुंपणाला लागून एक उंच शेवगा. कुंपणापलीकडं पूर्वेला मोकळा माळ. आप्पा, म्हणजे माझे वडील, हायस्कुलात गणित शिकवायचे. त्यांचे धाकटे भाऊ, माझे काका, चिकोडीला सरकारी कचेरीत होते, रोज बसनं जाऊन-येऊन करायचे. संध्याकाळी रेडिओवरून दोघांची ओढाताण चालायची. आप्पांना सांगली लावायचं असायचं, काकांना धारवाड. कचेरीत कानडी लागतं, कानावर पडलं पाहिजे, असं काकांचं म्हणणं. आप्पा रोज रेडिओच्या वेळेवर भिंतीवरचं गोल घड्याळ लावायचे, चावी द्यायचे, आणि म्हणायचे, “स्टेशन कुठलं बी लाव, वाजतंय तेवढंच.”

आईची संकष्टी साधी नव्हती. ती माझ्यासाठी होती. मी चार वर्षांची असताना मला विषमज्वर झाला होता, एकवीस दिवस ताप उतरला नव्हता, आणि डॉक्टरांनी हात टेकले होते म्हणे. तेव्हा आईनं गणपतीला बोलून ठेवलं, की ही जगली तर मी जगेपर्यंत चतुर्थी धरीन आणि चंद्र उगवल्याबगर तोंडात घास घालणार नाही. मी जगले. तिनं धरली. ताप उतरल्यावरही कितीतरी वर्षं ती झोपताना माझ्या कपाळाला हाताची उलटी बाजू लावून बघायची, आणि ‘न्हाई’ असं स्वतःशीच पुटपुटून जायची. मी सहावी-सातवीत गेल्यावर मला त्याची लाज वाटायला लागली, मी हात झटकायला लागले, तेव्हा तिनं ते सोडलं. उपास मात्र सोडला नाही. पावसाळ्यात ढगांत चंद्र दिसायचा नाही, तेव्हा कॅलेंडरातली वेळ झाली की पूर्वेला हात जोडायची आणि मगच ताट घ्यायची. आमच्याकडं बायकासुद्धा ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात, तशी ती म्हणायची, “मी शब्द दिलोय. गणपतीला दिलोय. त्यात कसली सूट?”

काकू आली तेव्हा वीस वर्षांची होती. माहेरी सगळं कानडी, मराठी समजायचं पण बोलताना आधी थोडी थांबायची, आणि आमच्या आईला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायची. तिचं माझं गूळपीठ जमायला आठवडासुद्धा लागला नाही. ती कागदासारखी पातळ कडक भाकरी करायची, उतरंडीला लावून ठेवायची, आणि आम्ही दोघी दुपारी ती शेंगाची चटणी आणि दह्याबरोबर कडाकडा मोडून खायचो. चंद्राला ती चंदप्पा म्हणायची, जणू तो गोकाकच्या बाजारातला ओळखीचा कुणी गृहस्थ आहे. तिचीही संकष्टी होती, तिच्या आईकडून आलेली. त्यामुळं संकष्टीला घरात मोदकही व्हायचे आणि तिचे कडबूही व्हायचे, आणि माझी चंगळ. आईचा मोदक कळीदार, तिचा कडबू करंजीसारखा, आत सारण एकच. पण ताटं एका वेळी पडायची नाहीत. काकू तिच्या कॅलेंडराप्रमाणं हात जोडायची आणि जेवायला बसायची. आई तिला वाढायची, आणि स्वतः आणखी वीस मिनिटं चुलीपाशी बसून राहायची.

पहिले काही महिने हे चेष्टेवारी चाललं होतं. आई म्हणायची, “तुमच्या गोकाकचा चंद्र लई घाईचा बाई.” काकू हसून म्हणायची, “अक्का, तुमचा मुंबईचा. ट्राफिक असतंय, उशीर होणारच.” मी एकदा आप्पांना विचारलं, खरं कुठलं? त्यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगितलं, “दोन्ही खरी. आपापल्या गावापुरती. पृथ्वी गोल हाय, पूर्वेकडल्याला आधी दिसतो, पश्चिमेकडल्याला मागनं.” आईनं लगेच विचारलं, “मग आमच्या गावाचं कॅलेंडर कुठं छापत्यात?” आप्पांनी आमटी मागितली. इतक्या वर्षांत बाकी सगळे वाद ऐकले, मोर्चे बघितले, दुकानांच्या पाट्या कधी या भाषेत तर कधी त्या भाषेत रंगवलेल्या बघितल्या, पण आईचा तो प्रश्न मला त्या सगळ्यापेक्षा जास्त आठवतो. वरती आमच्यापुरता चंद्र होता की नाही, हे कुणी लिहून ठेवलेलंच नव्हतं.

त्या पावसाळ्यात काकूला दिवस गेले होते. तिसरा महिना चालू होता. आईनं तिला पाण्याची घागर उचलू देणं बंद केलं, स्वतः उपासाचं करायची पण तिला म्हणायची, तू धरू नको, पोटुशी बाईला माफ असतंय. काकू ऐकायची नाही. आणि मग एका पहाटे धावपळ झाली, दवाखाना झाला, आणि ते राहिलं नाही. मला कुणी काही समजावून सांगितलं नाही. दार लोटून घेतलेलं होतं, आणि परड्यात दोरीवर पांढऱ्या साड्यांचे तुकडे वाळत होते. आठ-दहा दिवसांनी शेजारची एक बाई बघायला आली. काकू आत भाकऱ्या करत होती. बाहेर सोप्यात त्या बाईनं नेहमीसारखी जीभ चुकचुकवली, आणि आई, जिनं त्या दहा दिवसांत काकूच्या उशाशी रात्री काढल्या होत्या, ती बोलून गेली, “काय सांगू बाई. चंद्राच्या आधी जेवणाऱ्याचा उपास कुठं पावतोय?”

आतला भाकरी थापण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा चालू झाला. काकूनं उरलेल्या सगळ्या भाकऱ्या केल्या, परात धुतली, ओटा पुसला. दुसऱ्या दिवशी सकाळी काका तिला घेऊन गोकाकला गेले. जाताना ती आईच्या पाया पडली, माझ्या हातात चटणीची बरणी दिली, आणि तिचं कॅलेंडर खिळ्यावर तसंच राहिलं. विश्रांतीला गेली, असं सगळ्यांना सांगितलं गेलं. पंधरा दिवस झाले, महिना झाला, दसरा-दिवाळी झाली. काका दर रविवारी जायचे आणि एकटेच परत यायचे. एक दिवस जेवताना ते ताटाकडं बघत म्हणाले, “चिकोडीत खोली बघालोय. ती म्हणाली, त्या घरात मी पुन्हा येणार न्हाई.” आई वाढत होती. तिच्या हातातली पळी भाताच्या भांड्यात तशीच राहिली. मग ती परड्यात गेली आणि हौदाशी भांडी घासत बसली, घासलेलीच पुन्हा घासत.

मी काकूच्या बाजूची होते. आईचा मला इतका राग आला होता, की मी तिच्याशी फक्त हो-नाही बोलत होते. मला वाटत होतं, काकूचं कॅलेंडर बरोबर असणारच, ती चंद्राआधी जेवलेलीच नसणार, आणि हे एकदा सिद्ध झालं की आई शब्द मागं घेईल आणि काकू परत येईल. सिद्ध कसं करायचं? माझ्या नुसत्या सांगण्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. मी कुणाच्या बाजूची ते अख्ख्या गल्लीला माहीत होतं. पण काकांनी कचेरीतल्या एका स्नेह्याकडून कुणाच्या तरी मुंजीसाठी कॅमेरा आणलेला होता, आणि त्यात चार फोटो शिल्लक होते. काका म्हणायचे, माणूस खोटं बोलंल, फोटो बोलत न्हाई. मग मी ठरवलं, की संकष्टीला परड्यातून उगवत्या चंद्राचा फोटो काढायचा आणि त्याच फोटोत घड्याळही घ्यायचं. चंद्र आणि घड्याळ एका चौकटीत. त्याच्यावर कोण काय बोलणार?

आज ही कल्पना लिहिताना मला हसू येतं, पण तेव्हा मी तिच्यावर जीव टाकला होता. कार्तिकातली संकष्टी, आभाळ लख्ख. कानडी कॅलेंडरात आठ एकतीस, मराठीत आठ बावन्न. मी संध्याकाळी रेडिओवर घड्याळ मिळवून घेतलं, भिंतीवरून काढलं, स्टुलावर चढले आणि शेवग्याच्या फांदीला सुतळीनं टांगलं. चंद्र कॅमेऱ्यात हरभऱ्याएवढा दिसतो हे मी आदल्या रात्री बघून ठेवलं होतं. म्हणून घड्याळही मुद्दाम लांब टांगलं, दोन्ही सारखीच दिसावीत म्हणून. हा माझा शहाणपणा. कॅमेरा धुण्याच्या दगडावर विटांत बसवला. त्याला एक खटका होता, दाबून धरला की भिंग उघडंच राहायचं; अंधारात असंच काढतात, असं काकांच्या स्नेह्यानं सांगितलं होतं. घड्याळावर बॅटरीचा उजेड मारायला कुणीतरी हवं होतं. आप्पांना विचारलं. त्यांनी वही मिटली, बॅटरी घेतली, आणि शेवग्याखाली उभे राहून म्हणाले, “उद्या गल्लीत सांगू नको. मास्तर झाडाला वेळ विचारत हुता म्हणतील.”

आठ एकतीस झाले. माळावर काही नाही. नुसता पूर्वेकडं जरा उजेड, आणि तोही चंद्राचा की रस्त्यावरच्या गाडीचा, सांगता येईना. मी मनात म्हटलं, आता येईल. आठ चौतीस. आठ सदतीस. काकू या वेळेपर्यंत जेवून हात धुवायची. मी घड्याळाकडं बघायची, माळाकडं बघायची, आणि आपण इथं कशाला आलो असं वाटायला लागलं. आठ बेचाळीसला माळाच्या कडेला तांबूस कोर दिसली. आता उगवणं म्हणजे काय? कड दिसली म्हणजे, की अर्धा वर आल्यावर, की पूर्ण सुटल्यावर? त्या दोन मिनिटांत मी कडेच्या आधीचा उजेडसुद्धा उगवण्यात धरून बघितला, पण कसंही ओढलं तरी एकतीस होईना. आणि बावन्नही होईना. चंद्र मुंबईच्या आधी आणि बेंगळूरच्या नंतर, मधेच कुठंतरी, कुणालाही न विचारता उगवला होता.

तेवढ्यात मागं चाहूल लागली. आई मागच्या दारात उभी होती, हात ओले, पदर खोचलेला. तिनं चंद्राकडं बघितलं. मग शेवग्याकडं बघितलं, जिथं आप्पांची बॅटरी घड्याळावर पडली होती. तिची नजर चांगली होती, सुईत दोरा ती दिव्याखालीही ओवायची. मग ती आत गेली. त्या दिवशी ती कधी जेवली मला माहीत नाही. मी घाईघाईनं खटका दाबला, मनात वीस मोजायला लागले, आणि दहाला वखारीकडून वारा आला. मी शिंकले. सगळा कॅमेरा हलला. आणखी तीन काढले, पण घाईत वीसपर्यंत मोजलंच नाही. आप्पांना विचारलं, “तुम्ही बघितलासा? किती वाजलं हुतं?” ते म्हणाले, “माझा चष्मा आत राहिला गं.” आप्पांना लांबचं चष्म्याशिवाय स्वच्छ दिसायचं, चष्मा वाचायचा होता. हे माझ्या डोक्यात शिरायला मला पुढं कितीतरी वर्षं लागली.

रोल बसस्टँडजवळच्या स्टुडिओत दिला आणि त्या आठवड्यात माझी झोप उडाली. खरं सांगायचं तर काकू चंद्राआधी जेवत होती. म्हणजे आई बरोबर ठरणार. मी जे काकूला वाचवायला केलं तेच तिच्यावर शिक्कामोर्तब करणार होतं. रोज प्रार्थना करत होते, की फोटो येऊ नये. कधी वाटायचं स्टुडिओत जाऊन रोल मागून घ्यावा, कधी वाटायचं आईला सगळं सांगून टाकावं, आणि मग वाटायचं, सांगून काय? तिला तर दिसलं होतं. का नव्हतं दिसलं? मी तिच्या तोंडाकडं बघायची आणि ती म्हणायची, “काय बघालीस, उषा? भाजी निवड.”

फोटो आले. तीन काळेकुट्ट. एकात काळ्यावर दोन पांढरे गोळे, फिसकटलेले, सारख्याच आकाराचे. बॅटरीचा उजेड घड्याळाच्या काचेवर पडून ते नुसतंच पांढरं झालं होतं, आणि शिंकेनं चंद्र पसरला होता. काटे नाहीत, आकडे नाहीत. स्टुडिओवाला म्हणाला, “दोन चंद्र काढलीस व्हय गं?” मला कुठला कुठला तेही कळेना. आधी मी सुटले असं वाटलं. मग वाटलं, म्हणजे काहीच झालं नाही, काकू तिकडंच राहणार. घरी येऊन फोटो आईच्या हातात दिला. का दिला? लपवता आला असता. तिनं हात पुसले, उंबऱ्यावर उजेडात बसली आणि बराच वेळ तो बघत राहिली. मग म्हणाली, “उद्या शाळा बुडव. गोकाकला जायचंय.”

निपाणी ते संकेश्वर एक बस, पुढं दुसरी. उसाच्या गाड्यांमुळं रस्ता तुंबलेला, कारखान्याच्या मळीचा वास, आणि आई खिडकीशी पिशवी मांडीवर धरून बसलेली. पिशवीत मोदकांचा डबा आणि वहीत घातलेला फोटो. मी एकदा म्हटलं, “आई, त्यात काय दिसत न्हाई.” ती म्हणाली, “तू गप बस.” काकूच्या आईनं दारातच ‘बर्री बर्री’ म्हणून हात धरला, पाणी दिलं, आणि ‘ऊटा आतेन्री?’ म्हणजे जेवण झालं का, असं दोनदा विचारलं. तिला मराठी येत नव्हतं, आईला कानडी बाजारापुरतं. काकू आतून आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. वाळली होती. मला बघून हसली, आईकडं बघितलं नाही.

आईनं आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाली, “मी लई वाईट बोललो. माझ्या जिभेला हाड न्हाई. तू गेलीस त्या दिवसापासनं माझ्या घशाखाली घास नीट उतरला न्हाई.” मग आईनं वही उघडली, फोटो काढला आणि तिच्यापुढं धरला. “आणि मी चुकलो. हा बघ. आपल्या उषानं काढलाय. हा चंद्र, आणि हे आमचं घड्याळ, शेवग्याला टांगलेलं. किती वाजलं बघ. आठ एकतीस. तुझंच कॅलेंडर बरोबर हाय गं. तू कधीच चंद्राआधी जेवली न्हाईस.” आणि तिनं एका पांढऱ्या गोळ्यावर बोट ठेवलं, जिथं काहीही नव्हतं.

काकूनं फोटो हातात घेतला. उजेडाकडं धरला. मग माझ्याकडं बघितलं. “उषा, हौद?” खरं का, असं कानडीत विचारत होती. मला आजही वाटतं, तिनं जर अजून एकदा विचारलं असतं तर मी रडले असते. मी म्हटलं, “व्हय. एकतीसच.” माझं आयुष्यातलं पहिलं मोठं खोटं, आणि तेही आईच्या शेजारी बसून, तिच्याच सुरात सूर मिळवून. काकूच्या आईनं फोटो मागून घेतला, उलटासुलटा बघितला, आणि मान डोलावली. तिला काय दिसलं कोण जाणे. काकू खाली बसली. पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि म्हणाली, “अक्का, पुढच्या संकष्टीला कडबू किती करायचे?”

काकांनी चिकोडीची खोली बघायचं सोडलं. काकू आली, कडक भाकऱ्या पुन्हा उतरंडीला लागल्या, पुढं यथावकाश तिला दोन मुलंही झाली. ती आता ऐंशीच्या घरात आहे, चिकोडीलाच धाकट्याकडं असते, आणि अधूनमधून फोनवर विचारते, “उषा, त्या दिवशी खरं किती वाजलं होतं गं?” मी म्हणते, फोटोत आहे की. ती हसते. तिला माहीत होतं का? मला वाटतं होतं. कधी वाटतं नव्हतं. मी आता बेळगावात वडगावला राहते, शेजारच्या गल्लीत मागांची खटखट चालू असते, आणि तो फोटो माझ्या कपाटात आहे. परवा पुन्हा काढून बघितला. अजूनही सांगता येत नाही कुठला गोळा कुठला.

पण मला सांगायचं आहे ते काकू आल्यानंतरच्या पहिल्या संकष्टीचं. त्या दिवशी आईनं दोन ताटं एकदम घेतली. काकूच्या कॅलेंडरातली वेळ झाली, दोघींनी परड्यात जाऊन पूर्वेला हात जोडले. माळावर अंधार होता. मी मागच्या दारात उभी होते, मला माहीत होतं चंद्राला अजून दहा-अकरा मिनिटं आहेत, आणि आईला माहीत आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. दोघी आत येऊन बसल्या. आईनं मोदक मोडला. हातात धरला. एकदा दारातून बाहेर बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं, आणि डोळे मिटून तोंडात घातला. काकू काहीतरी बोलत होती, आई हूं हूं करत जेवत होती. नंतर भांडी झाली, झाकपाक झाली, मी अंथरुणावर पडले. जरा वेळानं अंधारात बांगड्या वाजल्या. आई माझ्याजवळ बसली आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा तिनं माझ्या कपाळाला हाताची उलटी बाजू लावली. हात गार होता. मी झोपल्याचं सोंग घेतलं, या वेळी हात झटकला नाही. ती तशीच बसून राहिली, मग गळ्याला हात लावून बघितलं, पुन्हा कपाळाला. त्यानंतर माझं लग्न होईपर्यंत दर संकष्टीला, काकूबरोबर जेवून उठल्यावर, ती अशीच यायची. “न्हाई,” त्या पहिल्या रात्री ती पुटपुटली, आणि उठून गेली.